सतरा खांब

साइलाउच्या केबिनपासून पाण्याच्या टाकीपर्यंत
तारेचे खांब दिसायचे सतरा.
मध्ये झाड नाही, घर नाही,
नुसतं कझाख माळरान,
दिवसाला दोन मालगाड्या.
एका हिवाळ्यात त्याला ते खांब वाचता आले:
१११११११११११११११११

आपण एकं, दहं, शतं म्हणत निघालो
तर शेवटचा खांब लागतो 'मध्य'च्या घरात,
परार्धाच्या एकच पायरी अलीकडे.
साइलाउला ही नावं ठाऊक नव्हती.
त्याला एवढंच हवं होतं:
ही रांग फुटते का कुठे?

तिनाने नाही, बेरीज सतरा.
साताने बाकी दोन.
अकराने नाही: जोड्या लावल्या
की एक खांब एकटाच उरतो.
तेराने नऊ.
मालाच्या पावत्यांच्या पाठी भरत गेल्या.

तिसऱ्या हिवाळ्यात हिमवादळानं गाडी अडकली.
गुल्बार्शिन नावाची विद्यार्थिनी चहाला आत आली,
कागद बघत म्हणाली,
"याला भागणारी प्रत्येक संख्या
चौतिसाने भागली तर एकच उरवेल.
बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नका."

दोन हिवाळे गेले की पाण्यात!
त्यानं तिचा पेला काठोकाठ भरला.
तिकडे त्याचा अर्थ: आता निघा.
बाहेर वादळ. ती कुठे निघणार?
मुकाट्यानं सगळा प्यायली.

मग रोज रात्री आठ भागाकार.
एकवीस वर्षं.
बिबिझारला पेन्सिलीच्या खरखरीशिवाय
झोप लागेनाशी झाली.

आणि एका पहाटे, वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
बाकी शून्य.
त्यानं तीनदा ताडून पाहिलं.
निःशेष.
दुसरा तुकडा ५३६३२२२३५७.
सतरा एकांच्या पोटातून निघालेले हे दोघे,
आणि दोघांत मिळून
एकच एक.

"फुटली!" त्यानं बायकोला हलवलं.
"काय फुटलं?" म्हणत ती उठली
आणि आधी कंदिलाची काच बघून आली.

त्या उन्हाळ्यात रेल्वेची माणसं आली,
टाकीपलीकडे आणखी दोन खांब रोवून गेली.
कारागांदाहून गुल्बार्शिनचं उत्तर आलं
(आता तिचेच विद्यार्थी होते, चष्माही होता):
एकोणीस एक फुटत नाहीत, काका.
ती मूळ संख्या आहे. हात लावू नका.

"तपासलं कुणी?"
"यंत्रानं, असं लिहिलंय," बिबिझार म्हणाली.
"यंत्रानं," तो म्हणाला,
आणि एक कोरी पावती उलटी केली.

अडतिसाने एक उरवणाऱ्या.
३९, तिनाने जाते, सोड.
७७ सोड. ११५ सोड. १५३ सोड.
१९१.

त्यानं पेन्सिलीला टोक काढलं.