बल्बाची वही

महिन्याच्या पाच तारखेला मी वही काखेत मारून निघतो.
एक बल्ब, एक रेघ. दोन बल्ब, दोन रेघा.
गाल्कायोत सरकारच नाही, मीटर कुठून येणार?
गेद्दीनं आठ उंट विकले, बंदरातून डिझेलचं इंजिन आणलं,
खांब पुरले, तारा ओढल्या.
हवा त्याला उजेड, नको त्याला अंधार.
जबरदस्ती कुणावर नाही,
हे तो चहात साखर ढवळत ढवळत सांगतो
आणि मला ते पटतं.
मागच्या काही वर्षांत आमच्याकडे
जबरदस्ती तेवढीच फुकट मिळत होती.

दहाबो आत्याच्या नावापुढे रेघ नाही.
शेळ्या अंधारातही दूध देतात, म्हणाली,
आणि बल्ब घेतला नाही.
पण इंजिन तिच्याच भिंतीला पाठ लावून बसलंय.
मगरीबच्या अजानपासून मध्यरात्रीपर्यंत धडधडतं.
दोरीवरच्या ओढण्या काळवंडल्या,
पाण्याच्या टाक्यावर जांभळट तवंग आला,
एका शेळीनं मेलेलं करडू टाकलं.
तवंगामुळे? की आपलं असंच?
कोण सांगणार.

तिनं मला दारात अडवलं.
"तुझ्या वहीत माझं पान कुठाय?"
तू गिऱ्हाईक नाहीस, आत्या.
"मग हा धूर कुणाच्या नावावर पोचवतोस मला?"

दोन दिवस म्हातारे बाभळीखाली बसले.
आमच्या रिवाजाला सगळे भाव तोंडपाठ:
मारलेल्या पुरुषाचे शंभर उंट,
बाईचे पन्नास (ते का, हे कुणी विचारत नाही),
फुटलेल्या डोळ्याचे वेगळे, पडलेल्या दाताचे वेगळे.
खोकल्याचा भाव कुणालाच आठवेना.
एकानं विचारलं, इजा करायचा हेतू होता?
हेतू उजेडाचा होता.
दुसऱ्यानं विचारलं, बाईच्या बाजूनं कोण आलंय?
तीन माणसं.
त्यांतला एक आमचाच तारवाला, मान खाली घालून.
गेद्दीचे साठजण आले होते, आपखुशीनं,
आणि साठांचा चहा गेद्दीकडून.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, म्हणतात.
दोघांच्या सलोख्यात तिसऱ्याचं काय होतं
त्याची म्हण अजून कुणी केलेली नाही.

निकाल लागला:
एक मेंढा, आणि इंजिन चाळीस पावलं पुढे.
हातात हात दिले गेले. कुणाचं रक्त सांडलं नाही,
आणि आमच्या गावात ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.
आत्यानं मेंढा नेला.
जाताना म्हणाली, पावलं कुणी मोजली?
मीच मोजली होती.

चाळीस पावलं पुढे उबाहचं घर आहे.
उबाहकडे एक बल्ब आहे, त्याची रेघ आहे,
आणि एक बाळ आहे, अकरा दिवसांचं.
त्यानं अजून कशालाच हो म्हटलेलं नाही.

माझ्या घरी दोन बल्ब.
थोरली त्याखाली अक्षरं गिरवते,
मी कडेला बसून तिचा हात बघतो. लपवायचं कशाला?
इंजिन बंद पडावं असं मला वाटत नाही.
फक्त हल्ली, वहीच्या मागच्या पानावर,
गेद्दीनं सांगितलेलं नसताना
मी काही नावं उतरवून ठेवतो.
दहाबो. टाक्याखालचा आंधळा वर्समे.
उबाहचं बाळ; नाव ठेवलंय, पण मी विचारलं नाही,
जागा सोडली आहे.
त्यांच्यापुढे रेघा मारायच्या म्हणून पेन्सिल टेकवतो
आणि अडतो.
एक रेघ म्हणजे किती, हे बाभळीखाली ठरलेलं नाही.