मोकळ्या जागेचं भाडं

तीन जागा होत्या कागदावर.
पहिली शहराच्या कडेला, समुद्रात भराव घालून केलेली.
भाडं ऐकून बू खलफान हसले, मग हसायचे थांबले.
तरी म्हणाले, फोटोत मागे काय येतं ते आधी लिही.
दुसरी आत वाळूत, फुकटच म्हणावी अशी,
पण हॉटेलांपासून सव्वा तास,
आणि हौस, मी अहवालात लिहिलं, सव्वा तास टिकत नाही.
पाऊण तासानंतर माणूस हिशोब करू लागतो.
तिसरी ही. उम्म अल क्वैन. तिवरं, उथळ पाणी,
एक जुनी धावपट्टी, भेगांत खारट गवत.

मी केळशीची. खाजण बघून मला
काहीतरी वाटायला हवं होतं.
मी चौरस मीटर मोजले.

विमानाला वर जायला वीस मिनिटं,
माणसाला खाली यायला सहा.
नवव्या गिऱ्हाइकापर्यंत आपण इंधनवाल्याचे नोकर,
दहाव्यापासून मालक.
उडीत फार सुटत नाही. सुटतं व्हिडिओत:
घाबरलेल्या चेहऱ्याची प्रत काढायला खर्च येत नाही.
अकरानंतर वाळू तापते, वारा फिरतो.
जून ते सप्टेंबर नुसते पगार.
आणि आभाळ!
मोकळं म्हणून शिकवलेलं आभाळ
नकाशावर आमच्या सामाईक आंब्यासारखं निघालं:
ही फांदी थोरल्यांची, ती धाकट्यांची.
हा तुकडा एका विमानतळाचा, तो दुसऱ्याचा,
मधे उरेल ते आपलं,
तेही दर खेपेला टॉवरला विचारून.

खाली मात्र काही नको.
तार नको, खांब नको, खजुराची रांग नको,
कुणाचं वाळत घातलेलं धुणं नको.
जिथे काही नाही आणि जवळ सगळं आहे
अशी जागा इथे सोन्याच्या भावाने जाते.
त्या काही-नाहीचं भाडं आम्ही भरतो,
तिमाहीचं, आगाऊ.

जैनुद्दीन चौगुले खेडचा. पॅराशूटच्या घड्या घालतो,
दिवसभर गुडघ्यांवर, घडीला बारा दिरहम.
पाहणीच्या वेळी त्याला विचारलं होतं, कुठली बरी?
"मला वारा कळतो बाई, गिऱ्हाईक नाय कळत.
पण पडणारा माणूस पाण्याकडं बघतो.
वाळूकडं कोण बघत नाय."
ते मी अहवालात घातलं, माझ्या शब्दांत.
बोनस मला मिळाला.

मग फेब्रुवारीतला एक गुरुवार.
पंधरावा आला नाही, आयर्लंडचा कुणी नवरदेव,
हॉटेलातच पोट बिघडलेला.
पैसे परत नाहीत; नियम माझाच.
हेन्ड्रिक कॉकपिटमधून ओरडला, खुर्ची रिकामी आहे, चल!
मी उभ्या-उभ्या हिशोब केला:
इंधन जळणारच, प्रशिक्षकाचे पैसे दिलेलेच,
घडी नवरदेवासाठी घातलेलीच.
माझा खर्च शून्य.
"शून्य कसा?" जैनुद्दीनने मान वर केली नाही.
"खाली आलात की परत घडी घालायची."
दोर ताणला, गुडघ्याखाली दाबला.
"ती नका लिहू."

बारा हजार फुटांवर दार उघडलं.
मी पाण्याकडे पाहिलं.
हिरवं, मग निळं, मग कसलंच नाही.
वाळूतली ती स्वस्त जागा शोधायची होती,
ती राहूनच गेली.

व्हिडिओ घेतला नाही. त्याची किंमत मला माहीत आहे.

महिनाअखेर उड्या आणि घड्या जुळवताना
घडी एक कमी भरते.
तपासनिसाने दोनदा विचारलं.
मी ती तशीच पुढच्या महिन्यात ओढते.