चीज

या महिन्यात भिशी आमच्याकडं.
दर खेपेला काहीतरी नवीन करायचं, हे मुमताजनं ठरवलेलं.
मागं तिनं मोमो केले,
आम्ही बाराजणींनी जिभा भाजून घेत खाल्ले.

प्रणोती पुण्याहून फोनवर म्हणाली,
लोणी, चमचाभर मैदा, दूध, मग किसलेलं चीज.
सोप्पं आहे गं आई,
फक्त शेवटपर्यंत गरम ठेव.
फक्त, म्हणे.

राजारामपुरीत चीजचे दोन डबे उचलले,
दर ऐकून एक परत ठेवला.
दूध नेहमीचं, आडनाईकांच्या म्हशीचं,
इतकं दाट की मैदा घालू का नको असं झालं.

चार वाजत आलेले, म्हणून गॅस मोठा केला.
आणि ते फाटलं.
खाली रबरासारखा गोळा,
वर पिवळं तेल, माझ्याकडं बघत.

हे बाहेर कॉटवर.
खंडेनवमीची पूजा झाली आणि तिसऱ्या दिवशी
उद्यमनगरातली भट्टी बंद पडली.
तेव्हापासून असेच, पेपर उघडा, पान तेच.
एकतीस वर्षं लोखंड ओतलेला माणूस,
आता पाण्याचा तांब्याही मी हातात देते.
माझं "अगं बाई" ऐकून दारापर्यंत आले,
पातेल्यात वाकले, वास घेतला.
"हीट चुकली तुझी. वितळवायचं होतं, तू जाळलंस."
दिवाळीपासून एवढं लांब बोलले नव्हते.

गॅस बंद केला आणि थांबले.
थांबायचं म्हणजे नुसतं उभं राहायचं,
हे मला कुठलं ठाऊक.
मग कोमट दूध मागितलं, बारीक धारेनं सोडत गेले,
दुसऱ्या हातात काटा, एकाच दिशेनं.
"लिंबू आण. अर्धंच."
कशाला?
"भट्टीत चुनखडी टाकतो की आम्ही. तसंच."
टाकतो, म्हणाले. टाकायचो नाही.
मी लिंबू शोधायला फ्रीजमध्ये जरा जास्तच वेळ डोकं घातलं.

गोळा सैल पडला. मग त्याला तार सुटली. मग सायीसारखं झालं.
तेल कुठं गेलं ते समोर उभी असून मला कळलं नाही.

मी काचेचा बोल पुढं केला
तर केवढ्यांदा ओरडले,
"थंड भांड्यात ओततंय का कोण!"
उकळत्या पाण्यानं बोल विसळला,
पुसला, आतून तीनदा बोट फिरवलं.
एक थेंब राहिला तरी उडतंय, म्हणाले.
चीज कशाला उडतंय, असं मी म्हणणार होते.
त्यांच्या मनगटावरचा जुना डाग दिसला,
गप्प बसले.

वरून कांदा-लसूण चटणी, तापल्या तेलात खमंग करून.
तेवढी माझी.

"मी आलो गं!" शिंगाडेवहिनी जिन्यातूनच.
टोस्ट होते, गाजर होतं,
पण संपले पहिल्यांदा
शिळ्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे.
बोल गरम पाण्याच्या परातीत,
आणि एरवी भिशी म्हटली की रंकाळ्यावर पळणारा माणूस
दर दहा मिनिटांनी बायकांमधून वाट काढत
परातीतलं पाणी बदलून जायचा.

"भाऊजी, भट्टीचं चीज झालं बघा!" मुमताज म्हणाली.
सगळ्या हसल्या. मी मुमताजकडं बघितलं.
ह्यांनी बोलाच्या काठाला बोट लावलं.
"अजून पंधरा मिनिटं धरतंय. खावा निवांत."

नंबर चौगुलेबाईंना लागला, परत एकदा.
त्यावर थोडं भांडण झालं, ते जाऊ दे.

रात्री प्रणोतीचा फोन. जमलं का गं?
फाटलं, म्हटलं.
मग?
मी फोन ह्यांच्याकडं दिला.
भांडी झाली, ओटा पुसला, दूध विरजलं.
आतल्या खोलीत अजून चाललंय,
थंड भांड्याचं,
आणि मग, कुणीही न विचारता,
पहिल्या पाळीच्या पहिल्या ओतीचं.