पहिली वीस पावलं

लाँगटनच्या कारखान्यात मी कपांवर गुलाब चिकटवते.
पाण्यात भिजवायचा, कागदावरून अलगद सरकवायचा,
रबराच्या पट्टीनं खालची हवा हाकलायची.
तोच गुलाब, तीच तीन पानं,
उजवीकडचं जरा मुडपलेलं.
अकरा वर्षं.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी,
हीटरची एकच कांडी पेटवून,
भाचीचा टाकून दिलेला लॅपटॉप मांडीवर घेतला
आणि ज्वाळा काढायचा फुकटचा प्रोग्राम उतरवला.

समोर काळा चौकोन. त्यात एक त्रिकोण,
रांगोळी मांडता मांडता कुणी
दूध उतू जातंय म्हणून उठून गेल्यासारखा.

त्रिकोण म्हणजे चित्र नव्हे, हे कळायला दोन रात्री गेल्या.
त्रिकोण म्हणजे हुकूम:
इकडे ये, निम्मा हो, थोडा वळ.
असे तीन हुकूम आणि एक ठिपका.
कुठला हुकूम पाळायचा ते दर खेपेला फासा ठरवतो.
ठिपका उडी मारतो, पडतो, पुन्हा उडी.
पडेल तिथे उजेडाची चिमूट.
जिथे पुन्हा पुन्हा पडेल, तिथे ज्वाळा.

माझं पहिलं चित्र: फरशीवर सांडलेलं ताक.
दुसरं: तेच ताक, पुसायचा प्रयत्न केलेलं.
तिसऱ्यात एका त्रिकोणाला भोवरा लावला, दुसऱ्याला गोल,
तिसरा कोपऱ्याला धरून अगदी नखभर फिरवला,
आणि काळ्यातून काहीतरी उलगडलं.
पीस म्हणावं तर धूर, धूर म्हणावं तर
कुणाच्या तरी पाठीचा कणा.
मी चहा तसाच ठेवला. त्यावर साय आली.

शेजारचे मिस्टर क्ल्यूलो ओटकेक घेऊन आले.
चाळीस वर्षं भट्टीवर होते ते.
भट्टीला एक डोळा असायचा, विटेएवढा,
त्यातून बघून आगीचा रंग ओळखायचे.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी माझी ज्वाळा पाहिली.
"जास्त भाजलंय, डक," म्हणाले.
मी गॅमा उतरवला. अजून थोडा. "हां. आता काढ बाहेर."

(या गावात आले तेव्हा बसस्टॉपवरची बाई मला डक म्हणाली,
आणि मी रात्रभर विचार करत होते,
माझ्या चालण्यात काय चुकतं.)

मदतीच्या पानावर एक ओळ होती, बारीक अक्षरात:
पहिली वीस पावलं नोंदली जात नाहीत.
ठिपक्याला अजून आपला आकार सापडलेला नसतो.
ती ओळ मी दोनदा वाचली.
मग उठून, कारण नसताना, सिंक घासलं.

ऑक्टोबरातली ती खोली. नाण्यांवर चालणारा गॅसचा मीटर.
चुकीच्या बसनं थेट बर्स्लेम,
पावसात परत चालत.
आईचा फोन, "काय चाललंय?" "काही नाही."
काही नाही, काही नाही, किती तरी महिने.

सेटिंगमध्ये तो आकडा सापडला. वीसचा शून्य केला.
मोठ्या दर्जाच्या चित्रात काहीच फरक दिसेना,
कोटीभर ठिपक्यांत ते वीस कुठे शोधायचे?
दर्जा उतरवत गेले, चित्र खरबरीत होत गेलं,
रव्यासारखं, आणि मग कडेला,
ज्वाळेपासून लांब, काळ्यात,
दाणे.

पुढच्या रविवारी क्ल्यूलोंनी बोट ठेवलं नेमकं तिथेच.
"हे बघ, ग्लेझमध्ये कचरा पडलाय.
आमच्याकडे असा माल सेकंड्समध्ये जायचा."
मी म्हटलं, धूळ असेल पडद्यावर.
बाहीनं पुसून दाखवलं.
त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला,
जवळ आले, श्वास काचेवर उमटेपर्यंत.

"गेली नाही," म्हणाले.

मी ओटकेकवर चीज किसत राहिले.
सोमवारी सहाच्या पाळीला जायचं होतं.
बादलीत गुलाब भिजत असतील.