नऊ पस्तीसची फेरी

चोडणहून चढताना माझी गाडी सगळ्यांत पुढे,
म्हणून रायबंदरला उतरतानाही पहिली तीच.
फळी खाली आली, साखळ्या वाजल्या,
मी किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा टक्.
मग तेही नाही.

मागे नऊ गाड्या, स्कूटरींचं मोहोळ,
पोदेराची सायकल आणि तिचा भोंगा.
खलाशी शाणू खिडकीशी वाकला,
"न्यूट्रलात घाल गो बाये, ढकलतो."
पण दांडा हलेना.
ऑटोमॅटिक गाडी. बॅटरी मेली
की 'पी' या एकाच अक्षरावर हटून बसते,
आमच्या उल्हाससारखी.

(उल्हास आणि प्रेमानंद, माझे भाऊ.
मानशीजवळच्या खाजनाच्या पट्टीवरून
चार वर्षं बोलत नाहीत.
आज अकराला पणजीत सह्या.
दोघांनाही मी फोनवर सांगून ठेवलेलं,
मी तटस्थ आहे.)

"दांड्याच्या कुशीत एक बारकं झाकण असतं,"
रुझार म्हणाला, ट्रॉलरवर इंजिनं बघणारा,
डिझेलचा वास त्याच्या आधी आत आला.
"नख पुरायचं नाही. टोकदार काय आहे?"
पर्समध्ये एक-चौदाचे उतारे, क्रोसिन, पेन.
गणवेशातल्या एका पोरीनं न विचारता
कंपासपेटी उघडली,
कर्कटक दिलं.

झाकण उडालं, सीटखाली कुठेतरी गेलं.
आत एक खाच.
सात वर्षं माझ्या कोपराजवळ होती
आणि मला पत्ता नव्हता.
"ब्रेक दाबून धर. घट्ट. आता किल्ली आत खुपस
आणि दांडा ओढ."
मी घराची किल्ली खुपसली.
ओहोटीला मानशीचं दार उघडतं,
त्याआधी लाकूड एक सुस्कारा टाकतं ना,
तसं काहीतरी.
पी. आर. एन.

"आता ब्रेक सोड."
पाय सुटेना.
समोर शेवाळलेला चढ, मागे मांडवी.
तटस्थ, म्हणजे तटावर उभा असलेला,
फळ्यावर विग्रह करून दाखवला होता बाईंनी.
इथे चाकांखाली तट नव्हता,
हलणारं लोखंड होतं,
आणि आरशात, मागच्या काचेवर,
ओळखीचा एकही नसलेले सात-आठ तळहात.

सोडला.

स्टिअरिंग इतकं जड, की
डोहातून म्हैस वळवावी.
पोदेर ढकलता ढकलता हसत होता,
पोरगी बाजूनं धावत होती,
तिला कर्कटक परत हवं होतं,
दुसऱ्या तासाला भूमिती.

वर पिंपळाखाली हँडब्रेक ओढला.
फेरी रिकामी झाली, प्रत्येकानं जाताना
खिडकीतून एकदा आत बघून घेतलं.
फोनवर उल्हासचे तीन, प्रेमानंदचे दोन.

सही कुणाच्या बाजूनं झाली,
ते त्या दोघांना विचारा.
ते झाकण अजून सापडलेलं नाही.
धूळ जाऊ नये म्हणून
खाचेत मी थोडा कापूस बसवलाय.