दामोदोरा

मुलाला जायचं होतं, म्हणून आधी मला जावं लागलं.
मी नव्हे, माझा जन्म गेला.
पंचावन्न साली डिचोलीच्या कचेरीत
कुणा कारकुनानं टाकानं लिहिलेला,
वाळवीनं कडेकडेनं चाखलेला,
शिक्के बसून, भाषांतर होऊन,
जाड पाकिटातून लिस्बनला.

पणजीचा एजंट म्हणाला, सर, नावात घोळ आहे.
शाळेच्या दाखल्यावर दामोदर,
पोर्तुगीज वहीत दामोदोरा.
खरा कोण?
आईनं मला मरेपर्यंत दामू म्हटलं,
पण अर्जात तो रकाना नव्हता.
शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं:
दोघेही एकच.
सही करताना हात जरा अडला.
चौतीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी मांडलेला हात.

मी भूगोल शिकवायचो.
पोर्तुगाल. राजधानी लिस्बन. मुख्य उत्पादन बूच.
एका गुणाचा प्रश्न,
तोही पर्यायात सोडता येणारा.
प्रीतेशनं तो देश पाहिला
विमानतळाच्या काचेतून, पावणेदोन तास.
मग स्विंडन.

कालिंदी म्हणते, खाण बंद पडली नसती
तर आपला पोर गेला नसता.
मी काही बोलत नाही.
खाण धडधडत होती तेव्हाही तो
नार्व्याच्या फेरीवरून येताना
गेलेल्यांच्या घरांचे रंग
मोजत यायचा.

आता आमचंही घर रंगवलेलं आहे.
वर दोन खोल्या, टाइल्स, गिझर.
गिझरवरचं कंपनीचं स्टिकर
अजून निघालेलं नाही.
दर रविवारी मी वर जातो, सगळे नळ सोडतो,
आधी तांबडं पाणी येतं,
स्वच्छ यायला लागलं की बंद करतो.

तो रात्री गोदामात खोकी स्कॅन करतो,
डिप्लोमा मेकॅनिकल, पहिला वर्ग.
सिद्धी दिवसा जाते वृद्धाश्रमात.
कुणा मार्गारेटबाईला भरवते, न्हाऊ घालते,
तिच्या गुडघ्यांना मलम लावते.
चांगल्या आहेत हो, म्हणते, अगदी आईंसारख्या.
फोन स्पीकरवर असतो.
कालिंदी आपल्या गुडघ्यावरचा हात
हळूच काढून घेते.
नवराबायकोची भेट म्हणे दारात होते,
एकाच किल्लीची देवघेव करताना.

गेल्या मार्गशीर्षात कालिंदीला बांबोळीला न्यावं लागलं.
रात्री दीड वाजता.
फेरीवरचा आग्नेल सुटीवर होता,
लुंगीतच गाडी काढून आला.
डॉक्टर म्हणाले, सही लागेल, जवळच्या माणसाची.
माझा हात इतका थरथरत होता
की कागदच मला दिला नाही.
आग्नेलनं सही केली.
नात्याच्या रकान्यापाशी थांबला,
माझ्याकडे बघितलं,
आणि लिहिलं: मुलगा.
खोटं प्रतिज्ञापत्र.
पण मी कोणत्या तोंडानं हरकत घेणार?

प्रीतेशला तीन दिवसांनी कळवलं.
तो रडला. मग म्हणाला, पैसे पाठवू?
त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं
हे मी अजून शोधतोय.

चवथीला माटोळी मीच बांधली.
पूर्वी तो रानात जायचा,
ओरबाडलेले हात घेऊन यायचा, चेहरा फुललेला.
यंदा डिचोलीच्या बाजारातून आणलं सगळं,
तोरिंजनाचे तर त्यांनी दीडशे घेतले.
स्टुलावर चढून फोन वर धरला,
पलीकडे नात, दात पडलेली.
बोट करून विचारायची, आणि ते? आणि ते?
मी सांगत गेलो,
आंबाडे. घागऱ्या. कांगणी. कवंडळ.
कोवोंडोला, ती म्हणाली.

त्या कारकुनालाही असंच ऐकू आलं असणार,
टेबलापलीकडून, माझ्या बापाच्या तोंडून.
पोरीला सुधारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, कोवोंडोला,
मग चित्र अडकलं,
उघडं तोंड, दोन दातांची फट.

कालिंदी खाली स्टूल धरून उभी होती.
उतरा आता, म्हणाली, माझे हात भरून आलेत.