सरपण

बर्फ बोटीला जाड, पायांना पातळ.
वर्षातून दोनदा, पाच-सहा आठवडे,
सायमा सरोवरातलं आमचं बेट असं अधांतरी लटकतं
आणि चार मुलं खिडकीला नाक लावून
पलीकडची शाळा बघत बसतात.

म्हणून हिल्काने सगळ्यांना बोलावलं
जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये, दिवेलागणीला,
म्हणजे नोव्हेंबरात, आमच्याकडे, दुपारी चारला.

चौदा माणसं, एक कुत्रा.
फळ्यापाशी मी.
माझं काम एवढंच: जो जे म्हणेल ते लिहायचं,
त्याच्याच शब्दांत, भुवई न हलवता.
भुवईचं तिने दोनदा बजावलं.

आणि सगळ्यांना एकच नियम:
जो 'पण' म्हणेल
त्याने उठून शेगडीत एक ओंडका टाकायचा.

पहिला ओंडका रेइमाचा.
तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.
जीभ चावत उठला.
दुसराही त्याचाच.

मग तिने चिठ्ठ्या वाटल्या.
दहा मिनिटं बोलायचं नाही. लिहा. नाव नको.
बोलत बोलत विचार करणाऱ्यांना ही शिक्षाच,
आणि जन्मभर गप्प बसलेल्यांना
पहिल्यांदाच माहेर.
पेन्सिली चालल्या, पिठाच्या डब्यात उंदीर फिरावा तशा.

बिस्किटांचा डबा भरला. मी एकेक काढून लिहीत गेलो:
हवेच्या गादीवर चालणारी बोट
(किंमत ऐकून तिघे एकदम उठले, ओंडक्यांसाठी रांग लागली).
या काठापासून त्या काठापर्यंत दोरखंड.
रेडिओवरून गणित.
एका चिठ्ठीवर नुसतं: रेनडिअर.
कुणी कबूल होईना.
तेही लिहिलं.

सहाच्या सुमारास कल्पना आटल्या.
एरवी अशा वेळी माणसं कोटाकडे हात नेतात.
हिल्काने कॉफी ओतली.
म्हणाली, आता उलटं सांगा.
मुलं शाळेत कधीच पोचू नयेत, तर काय करावं?

शेड एकदम जागी झाली. दुष्टपणाला किती पटकन हात वर होतात!
पिर्क्को म्हणाली, शाळा आणखी लांब न्यावी.
टेबलाखालून, कुत्र्याच्या शेजारून,
नऊ वर्षांची केर्त्तू म्हणाली,
"मग जवळ आणा ना."

हसले सगळे. माझी भुवई हलली.
हिल्का हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली,
मी खडू उचलेपर्यंत.

शाळा जवळ आणा.

शाळा म्हणजे काय काय? तिने विचारलं.
अकरा मुलं. एक बाई. नकाशा. शिट्टी.
भिंती धरायच्या का?
नको, म्हणालं कुणीतरी, भिंती राहू देत तिकडेच.
शेवटच्या बोटीने सगळे इकडे आले,
आणि बर्फ नीट धरेपर्यंत राहिले, तर?

पण झोपणार कुठे?
पण त्यांच्या आया?
पण दूध?
शेगडी लाल झाली. काचांना घाम फुटला.
आउनेने स्वेटर काढला, मग दुसरा स्वेटर,
आणि बनियनवरच पुढची कल्पना मांडली.

डबा उपडा केला तेव्हा
तळाला चिकटलेली एक चिठ्ठी निघाली.
'तीन खोल्या आहेत. गाद्या शेकाव्या लागतील.'

ते अक्षर आम्हा सगळ्यांच्या घरात आहे,
धुरावलेल्या माशांच्या प्रत्येक पुडक्यावर, तारखेसकट.
तौनोकडे कुणी बघितलं नाही.
तो शेगडीकडे बघत होता.
एल्वी गेल्यापासून त्याच्या वरच्या मजल्यावर
दिवा दिसलेला नाही.

नाव नको असं ठरलं होतं.
नावाशिवायच लिहिलं.
खडू मात्र दोनदा तुटला.

शनिवारी पलीकडच्या काठावरचे आईबाप येतील.
त्यांचे 'पण' आमच्यापेक्षा मोठे असणार.

रेइमा सकाळपासून
लाकडं फोडतोय.